आधी सफाई, मग बॅकअप

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, याच इमारतीत खिडकीजवळच्या माझ्या टेबलावर एका तळहाताएवढ्या पडद्यावर अक्षरं उमटली : 'सिंक पूर्ण. नोंदी शून्य.' तिथून माझं सगळंच बदललं.

हे आधी बोलून टाकलं, कारण पुढे बोलू देतील याची खात्री नाही. आता रीतसर.

सन्माननीय अध्यक्षाबाई, म्हणजे घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी ही संस्था ज्यांनी उभी केली त्या आपल्या डॉक्टरबाई. पुष्पगुच्छाच्या आड अर्धेच दिसणारे आजचे सत्कारमूर्ती, निवृत्त होणारे अधीक्षकसाहेब. त्यांच्या शेजारचे, आपल्याला हे हातातले संगणक पुरवणाऱ्या कंपनीचे पाहुणे. समोर बसलेल्या तमाम सिस्टर, ज्यांना इतका वेळ एका जागी बसलेलं मी आज पहिल्यांदा पाहतोय. आणि मागे दाराशी उभे असलेले संस्थेचे गाडीचालक, म्हणजे माझे सख्खे मामा, जे आत्ता मानेनं मला 'नको, नको' म्हणताहेत.

मामा, कार्यक्रमपत्रिकेत छापलंय. 'यंत्र विभागातर्फे मनोगत, तीन मिनिटं.' यंत्र विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि अठरा चार्जर. त्यातला एकही चार्जर बोलायला तयार नाही. मग मलाच उभं राहावं लागलं.

माझ्याआधी तिघे बोलले. साहेबांची शिस्त, साहेबांचं अक्षर, साहेबांनी संस्थेला कागदातून बाहेर काढून संगणकाच्या युगात कसं नेलं. खरं आहे सगळं. नेलं. वाटेत कोण कोण खाली पडलं ते मागे वळून बघितलं नाही, एवढंच सांगायचं राहिलं. ते मी सांगतो.

साहेबांची नि माझी पहिली भेट मला तोंडपाठ आहे. मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं. कॉलेजवाले म्हणतात काढलं, मी म्हणतो सोडलं. त्या वादात आज नको शिरायला. मामांनी मला दंडाला धरून साहेबांसमोर आणलं. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

"शिक्षण अर्धवट?"

"हो साहेब."

"मग इथलं काम पूर्ण करशील कशावरून?"

"ज्यांचं शिक्षण पूर्ण झालंय त्यांची कामं बघूनच आलोय, साहेब."

मामांनी तिथेच माझ्या पायावर पाय दिला. तरी साहेबांनी ठेवून घेतलं. का? अठरा संगणक आले होते आणि ते चालू कसे करायचे हे कार्यालयात कुणालाच माहीत नव्हतं. उपकार केले असं ते अजून म्हणतात. मीही म्हणतो. कुणी कुणावर केले, ते आम्ही दोघंही सांगत नाही.

पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्या सिस्टर रोज घरोघर जातात. कुणाचं ड्रेसिंग, कुणाची सुई, अंथरुणाला खिळलेल्याच्या पाठीला पडलेल्या जखमा. प्रत्येकीच्या हातात तुमचं ते यंत्र. आम्ही त्याला 'डबा' म्हणतो, राग मानू नका. घरी पोचलं की डब्यात वेळ टाकायची, जखमेशेजारी मापाची कागदी पट्टी धरून फोटो काढायचा, दोन ओळी लिहायच्या. दुपारी कार्यालयात येऊन डबा स्टँडवर लावायचा, की आतलं सगळं मोठ्या संगणकात उतरतं; त्याला 'सिंक' म्हणतात. इतकं सोपं. सहा वर्षांच्या पोरालाही जमेल. साहेबांना मात्र त्यात सुधारणा सुचली.

फोटो म्हटले की जागा खाणार. डबा भरत आला की पडद्यावर लाल पट्टी येते. साहेबांना लाल रंगाचा तिटकारा. मग दर शुक्रवारी सफाई. सिस्टरांनी एका रांगेत उभं राहायचं, साहेब पेन घेऊन पुढून जाणार. "पट्टी दाखवा." हिरवी असेल तर भिंतीवरच्या फळ्यावर नावापुढे हिरवा ठिपका. नसेल तर सगळ्यांदेखत पाणउतारा. हसताय तुम्ही सिस्टर, पण रांगेत होता तेव्हा कुणी हसत नव्हतं. मी टेबलामागून ऐकलेलं एक संभाषण जसंच्या तसं सांगतो.

"हे काय, अर्धा डबा भरलाय?"

"साहेब, जखमेचे फोटो आहेत."

"जखम बरी झाल्यावर फोटो कशाला लागतो?"

"बरी झालेली नाही साहेब."

"मग झाल्यावर एकच काढा. तोही छान येईल."

ही झाली सफाई. आता बॅकअप ऐका. पाहुणे, तुम्ही जरा टेबलाला धरून बसा.

आधी सफाई, मग बॅकअप. हा साहेबांचा क्रम. डब्यातलं सगळं पुसायचं आणि मग जे उरलं त्याची प्रत कार्डावर घ्यायची. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "साहेब, प्रत आधी घ्यायला हवी ना?" साहेब म्हणाले, "अरे, भरलेल्या डब्याचा बॅकअप घ्यायला चाळीस मिनिटं लागतात. साफ केल्यावर दोन. तुमच्या पिढीला वेळेची किंमत नाही." घरातलं सगळं सामान रस्त्यावर फेकायचं आणि मग रिकाम्या घराला सात कुलपं लावून किल्ली कमरेला खोचायची! ती कार्डं साहेबांच्या लोखंडी कपाटात आहेत. महिन्याला एक पाकीट, आत अठरा विभागांची अठरा कार्डं, पाकिटावर मोत्यासारखं अक्षर : 'संपूर्ण बॅकअप. तपासले.' खाली सही. तीन वर्षांची छत्तीस पाकिटं. ज्या अक्षराचं मघाशी इतकं कौतुक झालं ते हेच.

आणि मी काय केलं? मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी हसलो. मामांना जाऊन रंगवून सांगितलं, दोघं पोट धरून हसलो. मोठ्या संगणकात सगळं उतरतंय, मग कपाटात हवा साठवू दे की म्हाताऱ्याला, असं म्हणालो. साहेबांवर थुंकायच्या आधी हे माझंही मी तुमच्यासमोर ठेवतो.

अठराजणींत एकीच्या नावापुढे कायम लाल ठिपका. तिसऱ्या विभागाच्या सिस्टर. साहेब म्हणायचे, "तुमच्यामुळे आख्खा फळा घाण दिसतो." ती शांतपणे म्हणायची, "गेल्या गुरुवारची जखम शेजारी ठेवल्याशिवाय या गुरुवारची कळणार कशी साहेब?" आणि डबा पर्समध्ये टाकून चालू पडायची. लाल पट्टीच्या डब्याचा बॅकअप साहेब घेत नसत, तिचं कार्ड कोरंच पाकिटात जायचं.

ती मला 'बिघाड' म्हणते. काही बिघडलं की मी उगवतो म्हणून. "ए बिघाड, हे बघ रे जरा." मी बघायचो. बिघडलेलं नसलं तरी बघायचो. या कार्यालयात तिच्या चालत्या डब्याची जितकी दुरुस्ती झाली तितकी बंद पडलेल्या एकाही यंत्राची झालेली नाही. कुजबुजू नका, मीच सांगतो. माझा तिच्यावर जीव आहे. हे सगळ्यांना माहीत आहे, दारावरच्या रखवालदारालासुद्धा. तिलाही माहीत आहे. तिनं एकदाच मला खाली बसवून सांगितलं, "बिघाड, माझ्या डोक्यात सध्या चव्वेचाळीस आजारी माणसं आहेत. पंचेचाळिसावा आजारी नको." मी म्हटलं, "बरं सिस्टर." आणि तिचा डबा परत तपासायला घेतला.

आता त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारकडे येतो. शनिवारी मी सुट्टीवर होतो. मोठ्या संगणकानं जागा संपत आल्याचं सांगितलं. मला फोन करायचा की नाही? साहेबांनी स्वतः बाह्या सरसावल्या. सगळी फोल्डरं आकारानं लावली, सगळ्यांत मोठं कोणतं ते बघितलं आणि पुसलं. ते तिसऱ्या विभागाचं होतं, आठ आठवड्यांच्या कामाचं. अर्थात तिचंच असणार! जिनं सगळ्यांत जास्त काम केलं तिचंच गाठोडं सगळ्यांत जड. साहेबांनी नाव वाचलं नाही, आकडा वाचला. आणि मन शांत होतं, कारण कपाटात बॅकअप होता ना.

मी अंदाजानं बोलत नाही. कोणी काय पुसलं ते संगणक आपल्या नोंदवहीत टिपून ठेवतो. शनिवार, अकरा वाजून बावीस मिनिटं, फोल्डर तिसरा विभाग, काढून टाकणारे : अधीक्षक.

साहेब, बसा. सत्कारमूर्तींनी मध्येच उठायचं नसतं, पुष्पगुच्छ पडेल.

तर शनिवारनंतर त्या आठ आठवड्यांच्या कामाची जगात एकच प्रत उरली. लाल ठिपक्याच्या डब्यात. तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. सोमवारी चार वाजता ती आली. चार जिने चढून आलेली, कपाळावर केस चिकटलेले. मी म्हटलं, "तुम्ही बसा सिस्टर, पाणी प्या, मी लावतो." आणि तिच्या हातातून डबा घेऊन स्टँडवर लावला.

आपल्याकडे दोन्ही बाजूंचं जुळलं नाही तर कोणाचं खरं धरायचं, हे यंत्राला आधी सांगून ठेवावं लागतं. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय : कार्यालयाचं खरं. कार्यालयात विभागाचं फोल्डरच नसेल तर डब्यातही काही असता कामा नये. तरी त्या बिचाऱ्या यंत्रानं मला विचारलं. पडद्यावर स्पष्ट आलं असणार : 'नोंदी जुळत नाहीत, पुढे जायचं?' असणार म्हणतो, कारण मी पडद्याकडे बघतच नव्हतो. मी ती पाणी कशी पिते ते बघत होतो. आणि मी 'हो' दाबलं.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटची प्रत साहेबांनी पुसली नाही. मी पुसली.

तिनं पेला खाली ठेवला, पडद्यावरचं शून्य बघितलं आणि म्हणाली, "कुठे गेले सगळे?" नोंदी कुठे गेल्या असं नाही म्हणाली. सगळे कुठे गेले. मी कपाट उघडतो, कार्ड शोधतो, काहीतरी करतो म्हणून धडपडायला लागलो, तर म्हणाली, "बिघाड, तू आता कशालाच हात लावू नकोस."

मंगळवारी साहेबांनी तिला मेमो दिला. आठ आठवडे, चव्वेचाळीस रुग्ण, एकाही भेटीची नोंद नाही. सबब भेटी झाल्याच नाहीत. मी साहेबांच्या खोलीत घुसलो. हो, न विचारता घुसलो, दार आपटलं, तेही मान्य.

"साहेब, शनिवारी फोल्डर तुम्ही पुसलंत."

"मग काय झालं? कपाटात बॅकअप आहे."

"उघडा."

उघडलं. एकेक कार्ड लावलं. रिकामं. दुसरं, रिकामं. अठरावं लावलं, तेही रिकामं. मला वाटलं, आता माणूस खुर्चीत बसेल, घाम पुसेल, चूक झाली म्हणेल. अध्यक्षाबाई, ते काय म्हणाले सांगू?

"बघ, म्हणजे तिनं कामच केलं नव्हतं. केलं असतं तर बॅकअपमध्ये आलं असतं."

मी म्हटलं, "साहेब, बाकीच्या सतरा विभागांची कार्डंही रिकामीच आहेत. मग तीन वर्षं या संस्थेत कुणीच कुणाच्या घरी गेलं नाही का?" ते म्हणाले, "तू मशीनचा माणूस आहेस, मशीनपुरतं बोल." मी संगणकाची नोंदवही दाखवली. तर म्हणाले, "हे कशाला ठेवलंयस? हेही जागा खात असेल. काढून टाक."

मी काढलं नाही. छापून घेतलं. बाई, तो कागद हा.

तेव्हापासून ती घरी बसून आहे. आज साहेबांचा शेवटचा दिवस. पाच वाजता चहा झाल्यावर त्यांची शेवटची सही व्हायची आहे, सत्कारात दिलेल्या त्या घड्याळाच्या खोक्याखाली जी निळी फाइल आहे तिच्यातल्या पत्रावर. तिला कामावरून कमी करण्याचं आणि 'रुग्णांकडे न जाता भेटी दाखवल्या' असं परिचारिकांच्या नोंदणी कचेरीला कळवण्याचं पत्र. म्हणजे इथेच नाही, कुठेच तिला कुणी जखमेला हात लावू देणार नाही. साहेब घरी जातील, घड्याळ भिंतीला लावतील आणि ते पत्र कायमचं राहील. त्याची प्रत मात्र कुणी पुसणार नाही. ते पत्र घ्यायला तिला पाचला बोलावलंय. ती आलीय. बाहेरच्या बाकावर बसलीय. आत्ता पाचला वीस कमी आहेत.

आता मी दोन आठवडे काय केलं ते सांगून संपवतो. ती कुठे जायची हे मला माहीत होतं. कसं माहीत होतं ते विचारू नका. मामांना म्हटलं, गाडी काढा. मामा म्हणाले, "भाच्या, नोकरी माझीही आहे." मी म्हटलं, "बरं, मी चालत जातो." दुसऱ्या वळणावर मागून हॉर्न वाजला. "बस. आणि घरात शिरल्यावर आवाज चढवू नकोस, माणसं आजारी आहेत."

चव्वेचाळीस घरं. दोघं आता नाहीत. एक मुलीकडे राहायला गेले, पत्ता मिळाला नाही. उरली एक्केचाळीस.

एक म्हातारे शिंपी आहेत, पायाला वर्षभराची जखम. त्यांनी मला कपाटाचं दार उघडून दाखवलं. आतल्या बाजूला शिंप्याच्या खडूनं तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे माप. ती ड्रेसिंग करायला लागली की हे आपल्या टेपनं जखम मोजायचे. "पावणेदोन होती, आता पाऊण इंच. लिही. आणि ती येत नाही असं कोण म्हणतंय? त्याचंही माप घेऊन ये." एक निवृत्त शिक्षिका सहा महिने पाठीवर पडून आहेत. त्या म्हणाल्या, "त्या तुमच्या साहेबाला इथे पाठव. माझ्या पाठीशी दहा मिनिटं बसव. नंतर त्याला विचार, इथे कुणी येतं की नाही." एका घरात बायकोनं नवऱ्याच्या औषधांच्या खोक्यावर दर भेटीला सिस्टरची सही घेतलेली. का, तर त्यांना सह्या जमवायची हौस! सतरा सह्या, बाई. सतरा तारखा.

आणि शेवटच्या घरी एका आजोबांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तूच का तो बिघाड? ती बोलते तुझ्याबद्दल."

मी चटकन विचारलं, "काय बोलते?"

"की पोरगा हुशार आहे, पण यंत्राकडे बघत नाही."

त्या जिन्यात मी बराच वेळ बसून होतो. मामांनी हॉर्न वाजवला नाही.

बाई, या एक्केचाळीस सह्या. हा कपाटाच्या दाराचा फोटो. हे औषधाचं खोकं, ते परत द्यायचंय, मी शब्द दिलाय. आणि हा माझा कागद. त्यात मी लिहून दिलंय की शनिवारी काय पुसलं गेलं आणि सोमवारी मी काय पुसलं. पत्रात कुणाचं तरी नाव घालायचंच असेल तर माझं घाला. सोबत राजीनामा आहे. टेबलाची किल्ली वर ठेवलीय.

काय म्हणालात बाई? हो, या मूळ प्रती. दुसरी मामांच्या गाडीत, तिसरी माझ्या आईकडे. आणि या मी सफाईच्या आधी काढल्यात.

साहेब, तुमच्याशी माझं भांडण यंत्रावरून नाही. यंत्र न कळणं हा गुन्हा नाही; इथल्या निम्म्या सिस्टरना पहिल्या महिन्यात डबा सुलटा धरता येत नव्हता, त्यांनी विचारलं, शिकल्या. तुम्ही विचारलं नाहीत. तुम्हाला हिरवी पट्टी हवी होती, ती मिळाली. तीन वर्षं तुम्ही रिकामेपणावर सह्या करत आलात आणि एक भरलेलं माणूस समोर आल्यावर म्हणालात, हे नाहीच. एकतीस वर्षांच्या नोकरीत शेवटची सही तीच करणार आहात का, एवढंच मला विचारायचं होतं. उत्तर मला नको. ते बाईंना द्या.

बाई, तुम्ही खोकं बाजूला करून ती फाइल स्वतःच्या हातात घेतलीत, सगळ्यांनी पाहिलं. एवढं पुरे.

आता आभार. तीन मिनिटांचं भाषण इतकं लांबूनही कुणी माइक काढून घेतला नाही म्हणून सभागृहाचे आभार. कंपनीच्या पाहुण्यांचे आभार. तुमच्या यंत्रात दोष नाही, घरी जाऊन निवांत झोपा. सगळ्या सिस्टरांचे आभार, कारण तुमच्यापैकी चौघी डोळे पुसताहेत आणि कालपर्यंत त्याच चौघी तिचं नाव घ्यायला तयार नव्हत्या. मामांचे आभार घरी मानीन, इथे त्यांना लाज वाटेल. बोलण्याच्या भरात कुणाचा मान ठेवायचा राहून गेला असेल, तर अजाण आणि तापट समजून पदरात घ्या. एकाच्या बाबतीत मात्र राहून गेला नाही, मुद्दाम ठेवला नाही. त्याची माफी मी मागत नाही.

काय बाई? तिला आत बोलवायचं? बोलावतो. पहिल्या रांगेतली माझी खुर्ची मोकळी आहे, तिथे बसेल ती. विचारायचं ते तिलाच विचारा. तिचं तिला नीट बोलता येतं, माझ्यापेक्षा बरं. मी परत आत येणार नाही. तिनं मला कशालाच हात लावू नकोस म्हणून सांगितलंय, आणि आज तेवढं तरी मी ऐकणार आहे.

मामा, सरका जरा. ती आत आली की दार मी बाहेरून लावून घेतो.